अंगठ्याआड झाकलेलं नाव

माझ्या उजव्या हाताचा अंगठा एक अख्खं गाव ओळखतं, हे मला त्या आश्विन महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी शाळेतला बाक सरकवताना तो खाली सापडला होता. नख काळं पडलं, मधोमध चिरलं आणि मग तसंच दोन फाळ्यांत वाढत राहिलं. मला वाटायचं, चाळिशी कधीच मागे टाकलेल्या, पोट सुटलेल्या मास्तराच्या अंगठ्याकडे कोण कशाला बघेल? पण गाव बघत असतं.

मी राहतो सौंदडला. घरी आई, बायको आणि मी. मुलगा बाहेरगावी शिकतो, म्हणजे तोही घरीच असतो, फक्त फोनमध्ये. शाळा आठ किलोमीटर आत, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली. खिडकीतून एकीकडे पाळ दिसते आणि दुसरीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पार नजर पोचेल तिथवर. आठवीचा वर्ग माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मी मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलत होतो. या विषयावर मी इतक्या वर्षांत इतके निबंध तपासलेत की झोपेतही बोलू शकतो, आणि बहुतेक तसाच बोलत होतो. ‘मुलांनो, आपण फोनचे गुलाम होत आहोत,’ असं म्हणतो न म्हणतो तोच खिशात टिंग झालं. मी फोन काढला, पाहिला, परत ठेवला आणि म्हणालो, “तर, गुलाम.”

वर्ग खदखदून हसला. मला वाटलं, मी काहीतरी विनोदी बोललो.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, तुमी आता पायलं ना.”

“काय पाहिलं?”

“फोन. बोलता बोलता.”

“मी? छे!”

“पायला जी सर!” असं मग सगळ्या वर्गानेच सांगितलं. मी खिशावर हात ठेवून उभा. खरं सांगतो, मला आठवतच नव्हतं. हात गेला, हात आला, आणि मधल्या मधे मी नव्हतोच.

ही मुलगी गावातल्या पाणी वाटणाऱ्याची. तलावाच्या गेटची चावी तिच्या बाबांकडे. पाऊस दडी मारतो आणि धान निसवायला, लोंबी धरायला येतं तेव्हा तलावाचं पाणी सोडावं लागतं, आणि कोणाच्या बांधीत कधी नि किती वेळ पाणी जाईल, ती पारी हा माणूस ठरवतो. अशा घरातली पोरगी कुणाचं चुकलेलं नजरेआड करेल, ही आशाच नको.

भाषण तिथेच बंद केलं. म्हटलं, चला, कोण किती पाहतं ते आपणच लिहू या. मीपण लिहितो. आठ दिवस. प्रत्येकाने एक वही करायची. काय पाहिलं किंवा ऐकलं, किती वेळ, सोबत कोण होतं, त्याच्या आधी आपण काय करत होतो, आणि संपल्यावर कसं वाटलं. फोन, टीव्ही, भोंगा, काहीही चालेल. चांगलं-वाईट लिहायचं नाही. नुसतं जसं घडलं तसं.

पहिल्या बाकावरून प्रश्न आला, “सर, वही घरी दाखवान का?”

“नाही. मी एकटा वाचीन. दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही.”

“मंग बाबासारकं सांगा.”

तिच्या बाबांची रीत मला माहीत होती. पारी ठरली की तो माणूस पाळीवर उभा राहून मोठ्याने सांगतो. एकदा पाळीवरून सांगितलं की मग त्यालाही फिरवता येत नाही, सख्ख्या भावासाठीसुद्धा. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, “वह्या कोणालाही दाखवणार नाही!” सातवीच्या वर्गातली मुलं खिडकीत गोळा झाली. मुख्याध्यापकांनी ऑफिसातून मान काढून विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही सर, उपक्रम.” उपक्रम म्हटलं की आमच्याकडे कोणी पुढे विचारत नाही.

वह्या भरायला लागल्या आणि मी अक्षरशः त्यांची वाट बघायला लागलो. एकाने लिहिलं होतं : ‘पाहिलं : काही नाही. वेळ : दीड तास.’ एवढं खरं वाक्य मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. एकीच्या घरी फोनच नव्हता. ती म्हणाली, मी काय लिहू? म्हटलं, कानावर पडतं ते लिही. तिने दोन पानं भरली. भाजीवाल्याच्या ऑटोवरचा भोंगा, शेजारच्या घरातली मालिका, गवत कापणाऱ्या बायांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवलेल्या फोनमधली गाणी. खाली लिहिलं होतं, ‘मालिकेतल्या सुनेचं सगळं मला माहीत आहे. तिचं तोंड अजून पाहिलं नाही.’ एक मुलगा चौथ्या दिवशी स्वतःहून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मी मोजलं. गनिताचं पुस्तक उघडलं का मले फोन आठवते. इतिहास उघडलं तं नाई आठवत.” त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. त्याचंच त्याला दिसलं होतं.

आणि माझी वही? पहिल्या दिवशी मी तारीख लिहिली. सुंदर अक्षरात.

आता रविवारची गोष्ट. सकाळी पडवीत खुर्ची टाकून, चहा घेऊन मी वह्या वाचत बसलो होतो. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीची वही उघडली. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरचं कव्हर, कागद कडक, अक्षर गोल. पान असं होतं :

‘बाबा गेट उघडायला पाळीवर गेले की फोन घरी राहतो. तेव्हा अर्धा तास माझा. मी केक बनवायचे व्हिडिओ पाहते. आमच्या घरी ओव्हन नाही तरी पाहते. क्रीम लावताना हात कसा गोल फिरतो ते पाहायला बरं वाटतं. बाबांना सांगते गणित पाहते. आधी काय करत होती : भांडी. नंतर कसं वाटलं : आपणपण करू शकतो असं. बाबा जेवताना फोन पाहतात. मी सांगितलं की मला धावण्यात नंबर मिळाला. ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला विचारत होते, शर्यत कधी आहे?’

मला इतका आनंद झाला की चहा निवला. पोरांना हे दिसायला लागलं! माझ्या वर्गातल्या! अशा आनंदात माझा हात कुठे जातो ते आता तुम्हालाही कळलं असेल. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. त्यावर मी अंगठा ठेवला, डाव्या हाताने फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : ‘आमच्या आठवीचं चिंतन.’ पुढे तीन हात जोडलेले.

नाव झाकलं होतं हो. एवढी काळजी घेतली होती.

बायको पोहे घेऊन आली. ती गोंदिया शहरातली, मराठी सुरू करते आणि हिंदीत उतरते. खुर्चीमागून वाकून तिने वाचलं.

“अजी, ये किसका है?”

“ते गुप्त आहे. नाव झाकलंय.”

“नाव झाकलं म्हणजे हो गया क्या? पूरे गाव में गेट उघडनेवाला एकही तो है! आणि हा अंगठा? हा तर ऐरा-गैराही ओळखेल.”

पोह्याचा घास तोंडातच राहिला. मी धावत, म्हणजे बसल्या जागीच धावत, तो फोटो सगळ्यांसाठी हटवला. त्याने झालं असं की ज्यांनी पाहिला नव्हता तेही जागे झाले. ‘सर, काय डिलीट केलं?’ ‘सर, कायचा फोटो होता?’ आणि मिनिटभरात एका कर्तव्यदक्ष पालकाने तोच फोटो परत टाकला : ‘हा होता. मी सेव्ह करून ठेवला होता.’ त्यालाही तीन हात जोडलेले.

आई आतून सुपात तांदूळ घेऊन आली. “का झालं वो?” तिने बायकोला विचारलं. माझ्याकडून उत्तर मिळेल ही आशा तिने फार आधी सोडली आहे.

“पोरीला कबूल केलं होतं, किसीको नहीं दिखाऊंगा. आणि सगळ्या गावाला दाखवलं.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “काऊन गा बाबू?” एवढंच. ‘काऊन’ म्हणजे का. वही सुरेख होती म्हणून, असं म्हणणार होतो, पण तांदूळ पाखडणाऱ्या बाईसमोर खोटं टिकत नाही.

सोमवारी कळलं ते असं. फोटो आला तेव्हा पाणी वाटणारा पाळीवर होता आणि नेमका त्या दिवशी फोन खिशात घेऊन गेला होता. आजूबाजूला पारीची वाट पाहणारे दहा-बारा जण. त्यांनी पान मोठ्याने वाचलं. एक म्हणाला, “आमच्या बांधीत पानी सोडता का केक सोडता?” दुसऱ्याने विचारलं, “शर्यत कधी हाय जी?” तो माणूस तसाच उठला. घरी गेला, फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं. तेव्हापासून तो अर्धा तास बंद.

मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. सवयीने ‘वही आण’ म्हणून गेलो तर म्हणाली, “पान्यात पडली.” पण तिची वही तर माझ्याच पिशवीत होती! खोटं बोलतानाही तिने डोळे खाली घातले नव्हते. ते मुद्दामच होतं. मी वह्या परत वाटल्या आणि म्हटलं, पुढे लिहा. दुसऱ्या दिवशी जमा केल्या तर सगळ्या वह्यांत एकच मजकूर, जणू गावाने ठराव केला होता : ‘पाहिलं : बातम्या. वेळ : पाच मिनिटं. नंतर कसं वाटलं : चांगलं.’ दीड तास काहीच न पाहणारा तो मुलगासुद्धा बातम्या पाहायला लागला होता.

गेलं, म्हटलं. आता वर्षभर ही पोरं मला खरं काही सांगणार नाहीत. आणि एका पोरीचा दिवसातला हक्काचा अर्धा तास माझ्यामुळे गेला.

शाळा सुटल्यावर पाळीवर चढलो. पाणी वाटणारा गेटजवळ उकिडवा बसला होता, खाली कालव्यात पाणी खळाळत होतं. मी तासभर जुळवलेलं वाक्य म्हटलं, “माफ करा, माझ्याकडून चूक झाली.”

“बसा गुरुजी,” तो म्हणाला. “तुमी मास्तर का बातमीवाले?”

“मास्तर.”

“मले वाटलं, बदली झाली.” मग म्हणाला, “मले कायले माफी मांगता? माही पारी फोडली का तुमी? जिची फोडली तिले मांगा.”

“म्हणजे?”

त्याने पलीकडच्या बांधीकडे बोट केलं. “तो मानूस दिसते? मांगच्या साली त्यानं दुसऱ्याच्या पारीत धुरा फोडून पानी घेतलं. आमी मारलं नाई, दंड नाई घेतला. त्यानं तो धुरा आपल्या हातानं बांधला. पाळीवर उभं राहून सांगितलं, म्या काय केलं आन् काऊन केलं. आन् मंग समद्यात आखरी पारी घेतली. झालं. आता आमी संगं चहा पितो.” खिशाचं बटण चाचपून तो पुढे म्हणाला, “आन् फोनचं इचारू नका. पोरीनं मले गनित सांगितलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हणालो, पारी मी फोडली. धुरा कसा बांधू ते तुम्ही सांगा.

गणितवाल्या मुलाने सुचवलं, सरांनी शंभर बैठका माराव्यात. ते पोटाकडे बघून बारगळलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सरची वही कुठं हाय?”

मी ती काढून दाखवली. एक तारीख. सुंदर अक्षर.

“आठ दिवस लिवा,” ती म्हणाली. “खरं. आन् पाळीवर वाचा. आमच्या बाबाच्या समोर. शाळेत असतानी फोन खडूच्या डब्यात. आन् आमच्या वह्या तुमाले शेवटी. पयले तुमची.”

आठ दिवस मी लिहिलं, आणि त्या आठ दिवसांत मला एक अनोळखी माणूस भेटला, जो माझाच चष्मा घालून फिरत होता. ‘सकाळी सहा. पाहिलं : हवामान. वेळ : पाच मिनिटं.’ असं लिहिलं आणि मग घड्याळ बघून खोडलं. ‘वेळ : चाळीस मिनिटं. हवामानानंतर एका माणसाने साप पकडला. मग दुसऱ्याने पकडला. मग तिसऱ्याला साप चावता चावता राहिला. हवामान काय होतं ते आठवत नाही.’ दुसऱ्या दिवशी : ‘आधी काय करत होतो : आई बोलत होती.’ तिसऱ्या दिवशी : ‘आधी काय करत होतो : आई बोलत होती.’ चौथ्या दिवशी हे लिहिताना मी थांबलो. आई समोरच बसली होती.

“आई, काल तू मला काय सांगत होतीस?”

“तूच सांग, का सांगत होती मी? तू तं हो म्हनलास.”

“कशाला हो म्हटलं?”

“बुढीले सौंदडच्या तेशनावर सोडून दे, ते बिना तिकिटाची जाते कुठं बी. असं म्हनली मी. तू हो म्हनलास.”

बायको आत भांडी पुसत होती. भांडी पुसण्याचा आवाज थांबला आणि हसण्याचा सुरू झाला. आई परीक्षा घेत होती, आणि मी अनेक महिन्यांपासून नापास होत होतो. मग तिने खरं ते परत सांगितलं. तिच्या माहेरच्या बोडीची गोष्ट, म्हणजे त्यांच्या शेतातल्या लहानशा तळ्याची, ज्यात ती पोहायला शिकली. माझी आई पोहते! एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं, आणि म्हणे हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

ठरलेल्या दिवशी, पुढच्या पाण्याची पारी सांगायला सगळे जमले तेव्हा, मी पाळीवर उभा राहिलो. खाली शेतकरी, त्यांच्या बायका, माझा वर्ग, आणि बाजूला हाताची घडी घालून तो माणूस. मी वाचायला लागलो. तिसऱ्या सापाला लोक हसून लोटपोट झाले. आई-स्टेशनच्या वेळी एक म्हातारी ओरडली, “माह्या बी पोराले आयकू द्या जरा, जोरानं वाचा!”

मग शेवटचं पान आलं. ते मी त्या आठ दिवसांतलं नव्हे, आधीच्या रविवारचं लिहिलं होतं.

‘रविवार, सकाळी. काय केलं : एका मुलीच्या वहीचा फोटो काढून पाठवला. वेळ : अर्धं मिनिट. आधी काय करत होतो : खूश होतो. कोणाला विचारलं : कोणालाच नाही. का पाठवला : वही सुरेख होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत फिरलो. खरं म्हणजे, बघा मी कसा शिकवतो, हे दाखवायला. नाव तिचं झाकलं आणि कौतुक माझं मागितलं. नंतर कसं वाटलं : लोकांचे अंगठे येत होते तोवर छान.’

मी मुलीकडे पाहून म्हणालो, “तुझी पारी मी फोडली. चुकलो.” ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मान हलली, एवढं मला दिसलं.

तिच्या बाबाने घसा साफ केला आणि नेहमीसारख्या मोठ्या आवाजात पारी सांगायला सुरुवात केली. वरच्या बांध्या, मग मधल्या, मग खालच्या. सगळं झाल्यावर लोक उठायला लागले, तर म्हणाला, “थांबा, अजून एक हाय.” खिशाचं बटण काढलं. “मी गेटवर असलो का फोन घरी. अर्धा घंटा पोरीचा. केक पाहो का गनित पाहो. सांगितलं.”

“आन् जेवताना?” खालून त्याच्या बायकोचा आवाज आला.

आता पाळीवर उभ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि तो तर वर्षानुवर्षं पाळीवर उभा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हा साथीचा रोग मीच गावात आणला. “जेवताना फोन शिक्यावर,” तो म्हणाला. “सांगितलं. चला आता, पानी सोडा लागते.”

पुढच्या आठवड्यात बातम्या पाहणारी पोरं एकाएकी कमी झाली. वह्यांत पुन्हा साप आले, सुना आल्या, ‘काही नाही, एक तास’ आलं. दीड तासावरून तो एक तासावर उतरला होता, आणि याचं त्यालाच माझ्याहून जास्त कौतुक. शेवटच्या बाकावरची मुलगी पहिल्या बाकावर परतली. तिच्या वहीची दोन पानं मात्र टाचणीने बंद केलेली होती आणि वर लिहिलं होतं, ‘हे वाचू नका.’ मी नाही वाचलं. उजेडातही धरून पाहिलं नाही. म्हणजे, एकदा धरायला गेलो होतो.

मग एका सोमवारी ती स्टीलचा डबा घेऊन आली. आत केक. तिच्या आईने चुलीवर कुकरात मीठ टाकून भाजू दिला होता, खालून काळा, मधे खोलगट, वरून मात्र साखर नि साईचं काहीतरी गोल गोल फिरवलेलं. खरंच गोल. एवढ्या व्हिडिओंचा हात त्यात दिसत होता. “बाबानं दोन तुकडे खाल्ले,” ती म्हणाली, “आन् मले इचारलं, वरचं कसं केलं. मंग मी सांगितलं. पुरं.”

मी डबा हातात धरला, आणि माझा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. फोन खडूच्या डब्यात होता, टेबलावर, दोन पावलांवर. मी त्या डब्याकडे पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता.

“सर,” ती म्हणाली, “पयले इचारा.”

मी विचारलं, “एक फोटो काढू का?”

तिने नीट विचार केला. केकाकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

“नाई,” ती म्हणाली.

मग आम्ही तो केक खाल्ला. करपलेला भाग माझ्या वाट्याला आला, कारण मला सगळ्यात शेवटी मिळाला.